न ओळखलेली खिरापत

अमरावतीत नोकरी लागल्यावर मी ज्या घरात खोली घेतली, तिथं मला पहिल्या दिवसापासून कोणी माझ्या नावानं हाक मारली नाही. घरमालकीण काकू भाडेकरू मुलींना त्यांच्या गावाच्या नावानं बोलवायच्या. मी अकोल्याची, म्हणून मी 'अकोला'. माझ्या खोलीतली दुसरी मुलगी 'परतवाडा'. सकाळी "परतवाडा, नळ बंद कर वं!" अशी आरोळी उठली की नव्या माणसाला वाटायचं, बाई अख्ख्या गावाला दम देतायत. मी एकदा भीत भीत माझं नाव सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "नावं काय वं, दर घरात तेच ते. माह्या शायेत असे, एका वर्गात सगळ्या त्याच नावाच्या. गाव सांगतलं का माणूस सापडते."

काकू नगरपालिकेच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. बुटक्या, गोऱ्या, चष्मा कायम डोक्यावर आणि तोंडानं कायम चष्म्याचा शोध चालू. काका जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा पुण्यात, मोठ्या पगारावर, आणि आईची आठवण आली की तो फोन करण्याऐवजी काहीतरी ऑनलाइन पाठवून द्यायचा. त्यामुळे त्या घरात पुण्याहून माणूस कधी आला नाही, खोके मात्र बरेच आले.

खोक्यांवरून आठवलं. आमची पार्सलं काकूच घ्यायच्या, कारण दिवसा आम्ही ऑफिसात. पार्सल आणणारा गडी भातकुलीचा, म्हणून साहजिकच 'भातकुली'. चांगला लेकराबाळांचा माणूस, पण काकूंपुढे उभा राहिला की त्याला आपण काय आणलंय हे सांगायची बंदी होती. एकदा तो चुकून बोलून गेला, "मावशी, परतवाडा मॅडमची चप्पल आली." काकू असल्या भडकल्या की विचारू नका. "तुले कोनं विचारलं होतं? आता संध्याकाई म्या काय वयखू?"

कारण ओळखण्याचा, काकूंच्या भाषेत वयखण्याचा, खेळ झाल्याशिवाय पार्सल आमच्या हाती पडत नसे. संध्याकाळी चहा झाला की काकू दिवाणावर मांडी घालून बसायच्या आणि पार्सल मांडीवर घ्यायच्या. आधी कानाशी नेऊन हलवायच्या. मग हुंगायच्या. मग अंगठ्यानं दाबून पाहायच्या, आंबा दाबतात तसं. मग चौकशी सुरू.

"ओलं का कोरडं?"

"काकू, पार्सलात ओलं कशाला येईल?"

"विचारलं तेवढं सांग. खायाचं का लेयाचं?"

"लेयाचं."

"मंग सांगतो. परकर हाये."

निघायचा हेडफोन. माझी उशी आली तेव्हा त्या ठामपणे पापड म्हणाल्या होत्या. परतवाड्याचं केस वाळवायचं यंत्र आलं तेव्हा किसणी. काकूंचा एक अंदाज बरोबर आला असेल तर शपथ. पण हार त्यांनी कधी मानली नाही. "किसणी नाई तं मंग किसणीएवढंच वजन कावून ठेवलं त्याईनं?" म्हणून त्या कंपनीला बोल लावायच्या आणि खोका मात्र काळजीनं घडी करून जिन्याखाली ठेवून द्यायच्या. ते जिन्याखालचं कपाट आमच्या खरेदीनं पार भरून गेलं होतं.

हे सगळं खूळ कुठून आलं, ते मला पहिल्याच वर्षी भाद्रपदाच्या पौर्णिमेला कळलं. त्या दिवशी काकूंनी भुलाबाई बसवली.

वऱ्हाडात हे कोणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर गणपती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर येते. त्या डब्यात खिरापत. डबा हलवून दाखवायचा, पोरींनी आत काय ते ओळखायचं. गोड का तिखट, विचारायची मुभा असते. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखलं तर "हरलो" म्हणायचं, मग झाकण निघतं. खायला दोन्ही वेळा मिळतंच.

ओळखण्यात काकू जेवढ्या कच्च्या, तेवढ्याच लपवण्यात पक्क्या होत्या. त्यांची खिरापत गल्लीत कोणी कधी ओळखली नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यावर चिडून गप्प बसायच्या, म्हणजे ते खरं असावं. त्यांच्या युक्त्याही भारी. मऊ खिरापत असली की डब्यात चिंचोक्यांची पुरचुंडी टाकायची, म्हणजे डबा खडखड वाजतो. कडक असली की दुपट्ट्यात गुंडाळायची, म्हणजे मुका होतो. वास येऊ नये म्हणून झाकणाला आतून हिंगाचा खडा बांधायचा. पोरी बिचाऱ्या डबा हुंगून "फोडणीचं वरण!" म्हणायच्या आणि आतून निघायचे खोबऱ्याचे लाडू. स्वयंपाकघराचं दार त्या काळात आम्हालाही बंद. पाणी प्यायला गेलं तरी काकू आतून ओरडायच्या, "अकोला, उंबऱ्यावरच थांब!"

मी एकदा म्हटलं, "काकू, एवढा खटाटोप कशाला? खायलाच तर द्यायचं आहे."

"खायाले तं बजारातबी भेटते," काकू म्हणाल्या. "पोट्ट्या गाणं संपलं का घरी पयाले टपलेल्या असतात. वयखाचं असलं का जराशा थांबतात."

भुलाबाईच्या पाटाचीही एक गंमत आहे. मुलानं पुण्याहून एकदा आपोआप झाडणारं यंत्र पाठवलं. चपटं, गोल, जमिनीवर सरपटत केर गिळणारं. पहिल्याच दिवशी त्यानं अंगणातली ताजी रांगोळी चाटून साफ केली. काकूंनी त्याला तिथल्या तिथं बडतर्फ केलं. फेकणार कसं, मुलानं पाठवलेलं. म्हणून त्यावर लाल कापड टाकून भुलाबाईचा पाट केला. एका संध्याकाळी गाणी रंगात आली असताना कोणाचा तरी पाय बटणावर पडला असावा. भुलाबाई, भुलोजी आणि बाळ गणपती अशी सगळी मंडळी संथपणे निघाली, तुळशीला वळसा घातला आणि दिवाणाखाली गेली. पोरी किंचाळल्या. काकूंनी वाकून दिवाणाखाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माहेराले आलेली पोरगी हाये. हिंडू द्या तिले घरभर."

हे सगळं छान चाललं होतं, असं मला म्हणायला आवडलं असतं. पण पोरी दर वर्षी कमी होत होत्या. आणि मग समोरच्या रिकाम्या प्लॉटवर अपार्टमेंट झालं, आणि तिथल्या उत्साही मंडळींनी 'भुलाबाई नाइट' काढली. डीजे, दिवे लागणाऱ्या टिपऱ्या, मोबाइलच्या दुकानाचा मोठा फलक, सर्वोत्तम वेशभूषेला बक्षीस. काकू मोकळ्या मनानं पाहायला गेल्या, नवी साडी नेसून. परत आल्या त्या हातात एक छोटा चकचकीत खोका घेऊन. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हे पाह्य. खिरापत म्हणे. अन् वर काय छापलं हाये, वाच."

मी वाचलं. "चीज पफ."

"मंग म्या काय वयखू?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "पोट्टी आली, खोका घेतला, चालली. गाणंबी पुरं म्हटलं नाई."

मी त्यांची समजूत घालायला गेले की चीज पफ चांगला लागतो. ते बोलायला नको होतं. काकूंनी चष्मा शोधला, डोक्यावर सापडला, डोळ्यांवर चढवला आणि भुलाबाईकडे पाहत म्हणाल्या, "यंदा कोजागिरीले पोट्ट्या आल्या तं ठीक. नाई आल्या, तं हे मायी शेवटची भुलाबाई. पुढच्या वर्षी मूर्ती आणत नाई. रिकाम्या घरात कोनासाठी बसवू?"

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या नीट विचार करून बोलल्या होत्या, भाजी कोणती करायची हे सांगावं तशा. मला आणि परतवाड्याला फार वाईट वाटलं. आम्ही कोजागिरीच्या आधी गल्लीतल्या घराघरात जाऊन पोरींच्या आयांना विनवलं. आया म्हणाल्या, "पाठवतो न, पण तिकडं अपार्टमेंटात कोजागिरीलेबी डान्स हाये तिचा, लवकर सोडा."

काकूंनी मात्र हार मानायच्या आधी शेवटचा डाव टाकायचं ठरवलं होतं. पोरी स्टीलच्या डब्याला सरावल्या, डब्याच्या आकारावरून अंदाज करतात, असं त्यांचं मत. म्हणून यंदा खिरापत पार्सलच्या खोक्यात! जिन्याखालून एक चांगला मजबूत खोका काढला. दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवून आत काय ते केलं. पूर्वी म्हणे मोठं गंज, म्हणजे पातेलं, भरून खिरापत व्हायची; यंदा एका खोक्यात मावेल एवढीच झाली. ती चिंचोक्यांसकट, हिंगासकट खोक्यात भरली, वर चिकटपट्टी मारली आणि खोका जिन्याखाली ठेवला. चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता, भुलाबाईचा नैवेद्य व्हायचा होता.

आता त्याच जिन्याखाली परतवाड्याचा एक खोका होता. तिच्या सॅंडल लहान आल्या होत्या, त्या परत पाठवायच्या म्हणून तिनं नीट बांधून ठेवल्या होत्या. कोजागिरीच्या दुपारी आम्ही ऑफिसात असताना भातकुली तो न्यायला आला. पुढचं सगळं त्यानंच नंतर आम्हाला कान पकडून सांगितलं.

परत जाणारी वस्तू उघडून, पाहून, मगच न्यायची, असा त्याच्या कंपनीचा नियम. काकूंनी जिन्याखालून काढून दिलेल्या खोक्याच्या चिकटपट्टीला त्यानं हात घातला तशी काकूंनी तो हात धरला.

"माह्या घरात खोका असा उघडत नाईत."

"मावशी, पाहा लागते आत काय हाये ते."

"मंग हालवून पाह्य न! हात हायेत न तुले?"

इतक्या वर्षांच्या ओळखीनं भातकुलीचंही डोकं काकूंसारखंच चालायला लागलं होतं. त्यानं खोका कानाशी धरून हलवला. आतून खडखड आवाज आला. "बराबर हाये मावशी. सॅंडलच हाये," म्हणाला, आणि खोका घेऊन गेला.

काकूंच्या त्या सगळ्या युक्त्यांनी शेवटी फसवलं कोणाला, तर काकूंनाच.

संध्याकाळी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा राहिला, दुधाचं पातेलं चुलीवर चढलं. पोरी आल्या त्या मोजक्याच, त्याही नाचाच्या झगझगीत कपड्यांत, एक डोळा समोरच्या अपार्टमेंटवर ठेवून. भराभर गाणी झाली. काकूंनी खोका आणला. पोरींनी खोका पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं.

"वयखा!"

"शंकरपाळे?" "चिक्की?" "करंज्या?" खोका हातोहात फिरला. वास कसलाच नाही. हिंगाचासुद्धा नाही. काकूंच्या कपाळाला जरा आठी पडली, पण पोरी हरल्या होत्या आणि त्या आनंदात त्यांनी चिकटपट्टी ओढली, खोका भुलाबाईसमोर ठेवला आणि उघडला.

आत सॅंडल. गुलाबी, उंच टाचेच्या, वर चमकी.

काकूंनी आधी सॅंडलकडे पाहिलं, मग भुलाबाईकडे, आणि झटकन हात जोडले. "माफ कर माय. नवी हाये, कोनं घातली नाई." मग पोरींकडे वळल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हरल्या का नाई? हे कोनाले वयखू आलं असतं?"

पोरी हसून हसून जमिनीवर लोळल्या. दोघी तर तशाच उठून रस्ता ओलांडून धावल्या, ओरडत: "काकूच्या खिरापतीत सॅंडल निघाली! काकूच्या खिरापतीत सॅंडल निघाली!"

काकू आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, पदर डोळ्यांना. "दारात आलेल्या पोट्ट्याईले द्याले काईच नाई वं अकोला," म्हणाल्या. "असं या घरात कधी झालं नाई." मी नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले. बाहेर गलका वाढत होता. डोकावून पाहिलं, तर अपार्टमेंटमधला डीजे बंद, आणि तिथल्या पोरी, त्यांच्या आया, दिवे लागणाऱ्या टिपऱ्या, सगळी जत्रा आमच्या अंगणात. सगळ्यांना सॅंडल पाहायची होती.

परतवाडा धोरणी. तिनं केव्हाच फोन काढून काहीतरी मागवलं होतं. "अर्धा तास लागतो म्हणतात," ती माझ्या कानात म्हणाली. "तोवर गाणी लावून धरा."

तर तो अर्धा तास अंगणात गाणी झाली. पोरींना येत होती ती झाली, मग त्यांच्या आयांना आठवत होती ती झाली, मग गल्लीतल्या म्हाताऱ्या आल्या आणि त्यांनी अशी गाणी काढली जी काकूंनाही येत नव्हती. मागच्या दारानं पिझ्झाचे खोके आत आले. काकूंनी एक उघडून पाहिला.

"हे काय हाये?"

"पिझ्झा, काकू."

"त्याच्यात काय असते?"

"खाली पोळी, वर टमाटे, कांदा, चीज."

"म्हंजे पोयीच होय, जराशी शिकली-सवरली," म्हणून काकूंनी पदर खोचला. डोळे पुसले आणि पाहता पाहता त्यांच्या अंगात संचारलं. जुनं मोठं गंज निघालं. पिझ्झाचे तुकडे त्यात गेले, बाजूनं चिंचोके, वरून झाकणाला हिंगाचा चांगला मोठा खडा. सगळ्यावर दुपट्टा. आणि काकू ते गंज कमरेवर घेऊन अंगणात उतरल्या.

"आता वयखा!"

अख्खं अंगण पुढं झुकलं. "कढी!" "मसालेभात!" "गिला वडा!" "काकू, आता चप्पल तर नाही ना?" ज्या पोरी आठवड्यातून एकदा तरी पिझ्झा मागवतात, त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडी पिझ्झा आला नाही. काकूंच्या घरच्या गंजात पिझ्झा असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? काकूंनी सगळ्यांकडून मोठ्यानं "हरलो" म्हणवून घेतलं, आयांकडूनही, आणि मगच झाकण काढलं. त्यानंतर जो ओरडा झाला तो त्या डीजेलाही कधी जमला नव्हता. काकूंनी पहिला तुकडा भुलाबाईपुढे ठेवला. स्वतः एक तुकडा खाल्ला, "हिंग जास्त झाला," म्हणाल्या, आणि पातेल्यातलं दूध वाढायला घेतलं.

पुढच्या वर्षी मूर्ती आणायची की नाही हा प्रश्न मग कोणी काढलाच नाही. पोरी तिथल्या तिथं विचारत होत्या, "काकू, पुढल्या वर्षी खोक्यात काय निघेल?"

पण खरी खिरापत कुठं होती? ती गेली होती कंपनीच्या गोदामात. चार-सहा दिवसांनी परतवाड्याला फोन आला. तिकडं एक मुलगी, पढवलेल्या हिंदीत: "मॅम, आपने जो रिटर्न किया है, उसमें सॅंडल नहीं है. कुछ और निकला है."

काकूंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. त्यांचं हिंदी त्यांच्या मराठीहून फारसं लांब नव्हतं. "बेटा, गलती मेरी है. उस भातकुलीवाले को कुछ मत बोलना. तुमने खोल के देखा क्या?"

"जी माताजी."

"खाया क्या?"

"नहीं माताजी, हम लोग ऐसे कैसे..."

"खाओ न वं. सण का है, फेकना मत. अभीतक अच्छा रहता वो. खा के बता, क्या है. वयख!"

मग पलीकडून काहीतरी आवाज आला, आणि काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. "शाब्बास! कौन गाव की है तू? ... इंदौर? बरं इंदौर, किसीको बताना नई, हां. यहां की दो पोट्टियां कान लगा के बैठी है."

त्या दिवसापासून काकूंच्या हिशेबात खिरापत ओळखणारी जगात एकच: इंदौर. आम्ही पाया पडलो, चहा करून दिला, रुसून पाहिलं. काकू सांगेनात. "वयखाचं असते, सांगाचं नसते." सॅंडल भातकुलीच्या हाती परत गेल्या, या वेळी उघडून, आणि तो विषय तिथंच मिटला.

पुढं माझी अकोल्याला बदली झाली. निघताना काकूंनी पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली आणि मग लाजून म्हणाल्या, "कोजागिरीले फोन करजो अकोला. खिरापत वयखाची राहिली हाये तुयी." तेव्हापासून मी दर कोजागिरीला फोन करते. एक अंदाज सांगते. काकू खूश होऊन "नाई!" म्हणतात, मग गल्लीतल्या पोरी किती आल्या, यंदा गंजात काय लपवलं, पुण्यानं नवं काय यंत्र पाठवलं, हे सगळं सांगतात, आणि फोन तासभर चालतो.

आता एक गोष्ट सांगते, ती काकूंना ठाऊक नाही. त्या कंपनीनं परतवाड्याला नंतर एक मेल पाठवला होता, आणि खोक्यात काय निघालं त्याचा फोटो सोबत जोडला होता. परतवाड्यानं तो मला पाठवला. स्वच्छ फोटो, चिंचोकेही दिसतात. म्हणजे काकूंच्या खिरापतीत काय होतं, ते मला पहिल्या फोनच्या आधीपासून माहीत आहे. तुम्हालाही सांगणार नाही.

यंदाही कोजागिरीला फोन लावला. काकूंचा आवाज बारीक झालाय, मधेच दम लागतो. मी म्हटलं, "काकू, यंदा पक्कं ओळखलं. अनारसे!"

"नाई!" काकू हसल्या. मग म्हणाल्या, "अकोला, एवढी वर्षं झाली वं. तू मुद्दाम तं चुकून राहिली नाई न?"

"नाही हो काकू. खरंच येत नाहीये."

पलीकडे काकूंनी दम घेतला. मागं अंगणात टिपऱ्यांचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग पुढल्या वर्षी सांग. पण घाई नको करू."